कारण कळले नाही, तर तसे लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य;
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक;
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य;
आणि राज्यातील सर्व त्वचारोगतज्ज्ञ.

विषय : चेहऱ्याखेरीज इतर अंगावर येणारी, कारण न सापडलेली लाली आणि तिची नोंद.



मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय पंचेचाळिशीच्या आसपास. गेली काही वर्षे माझ्या अंगावर लाली येते. गळा, छातीचा वरचा भाग, कानाच्या पाळ्या, कोपराखालचे हात, गुडघे आणि पायाचे पंजे. चेहरा बहुतेक वेळा त्यातून सुटतो. त्या जागची कातडी तापते आणि चुरचुरते. घाम येत नाही, गांधी उठत नाहीत, पुरळ नसते. कधी तासाभरात ओसरते, कधी अख्खी रात्र घेते. कारण अजून सापडलेले नाही.

कारण सापडले नाही याबद्दल माझी तक्रार नाही. वैद्यकशास्त्राला सगळेच ठाऊक असावे असा हट्ट मी धरणार नाही. तक्रार ही आहे, की माझ्या जाडजूड फायलीत ‘कारण सापडले नाही’ हे वाक्य एकाही कागदावर नाही. एका कागदावर ‘ॲलर्जी’ आहे, दुसऱ्यावर ‘मेनोपॉज’, तिसऱ्यावर ‘अँक्झायटी’, चौथ्यावर नुसतेच एका मलमाचे नाव. कुठल्याही शब्दापुढे प्रश्नचिन्ह नाही. शाळेच्या हजेरीपटात मूल आले नसेल तर आम्ही ‘गैरहजर’ लिहितो. रकाना रिकामा दिसू नये म्हणून शेजारच्या मुलाचे नाव तिथे घालत नाही. माझ्या फायलीत मात्र नेमके तेच झाले आहे. निदान गैरहजर आहे आणि त्याच्या जागी चार वेगवेगळी नावे हजेरी लावून गेली आहेत.

यातून प्रत्यक्षात काय होते? ‘ॲलर्जी’ असे लिहिले की पुढचा डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो आणि गोळी बदलून देतो. ‘मेनोपॉज’ लिहिले की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे रवानगी होते. तिथल्या बाई म्हणतात, पाळी तर अजून नियमित आहे, तुम्ही स्किनवाल्यांना दाखवा. वर्तुळ पुरे होते. ज्याने कुणी पहिल्याच कागदावर ‘कारण अज्ञात, शोध चालू’ एवढे लिहिले असते, त्याने पुढच्या सगळ्यांना कामाला लावले असते. खोट्या नावाने शोध थांबतो, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि पुढचे सगळे पत्र त्याच्या पुराव्यासाठी आहे.

आधी हे जगणे कसे असते ते थोडक्यात सांगते, कारण ओपीडीत ते सांगायला वेळ मिळत नाही. प्राथमिक उपचारात डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा जगभरचा आढावा ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली आला होता. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आणि भारतात सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत गळ्यापासून पायापर्यंतची गोष्ट सांगून होत नाही. शिवाय लाली येते आणि जाते. तपासायची वेळ येते तेव्हा ती बहुधा गेलेली असते आणि मी धडधाकट बाई उगाच आल्यासारखी टेबलापुढे बसलेली असते.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात चौथा तास घेताना गळ्यापासून खाली भडका उठतो. मुले चांगली असतात, पण मुलेच ती. कुणीतरी हळूच विचारते, “मॅडम, चिडलात का?” गॅसपाशी भाकऱ्या करताना हात कोपरापर्यंत तापतात, म्हणून भाकऱ्या पहाटे करून ठेवायच्या. ब्लाउजचा गळा बंद शिवून घ्यायचा आणि मग बंद गळ्याने आणखी उकडायचे. मंगळसूत्र लाली असताना टोचते, म्हणून काढून ठेवले तर त्यावर वेगळी चर्चा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी माझ्या हातावरची लाली पाहिली आणि हळदीचे बोट हवेतल्या हवेत फिरवून पुढे सरकल्या. ‘हे लागट तर नाही ना?’ असा प्रश्न पालकसभेत मला कुणी तोंडावर विचारला नाही, पण मुख्याध्यापकांना विचारला. त्यांना दाखवायला माझ्यापाशी कागद नव्हता. ‘कारण अज्ञात आहे, संसर्गजन्य नाही’ अशा दोन ओळी कुणी लिहून दिल्या असत्या तर तो प्रश्न तिथेच मिटला असता. कारण माहीत नसतानाही काय नाही हे पुष्कळदा सांगता येते. रुग्णाला त्याचाही मोठा आधार असतो.

लोक सल्ले देतात ते मायेपोटी. उष्णता झाली, सब्जा घे. रक्त बिघडले, कडुनिंबाचा रस घे. पित्त उठले, आमसुलाचे पाणी लाव. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी येतात, त्या उंचावलेल्या असतात, खाजतात आणि एकेक गांध साधारण दिवसभरात विरते. माझ्या कातडीवर बोट फिरवले तर काही हाताला लागत नाही. हा फरक शेजारणीला कळला नाही तर चालेल. पांढऱ्या कोटातल्या माणसानेही तो न पाहता पित्ताची गोळी लिहावी, हे चालणार नाही.

आता प्रश्नांकडे येते. अंगावर लाली येते तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, एवढे मी नववीच्या वर्गातही शिकवू शकते. त्या रुंदावतात मुख्यतः दोन वाटांनी. मज्जातंतूंकडून हुकूम येतो तेव्हा घामाच्या ग्रंथींनाही तोच हुकूम पोचतो आणि लाली ओली असते. रक्तातला एखादा पदार्थ थेट रक्तवाहिनीवर काम करतो तेव्हा लाली कोरडी राहते. म्हणून ‘घाम येतो का?’ हा पहिला प्रश्न. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तो मला फार थोड्या ठिकाणी विचारला गेला.

हा एक प्रश्न विचारला असता तर ‘मेनोपॉज’ हा शब्द इतक्या सहज लिहिला गेला नसता. पाळी जाण्याच्या वयातला भडका बहुधा छाती-गळा-चेहऱ्यावर येतो, काही मिनिटे टिकतो आणि घाम आणून जातो. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला थांबते, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या सगळ्याच तक्रारी त्या एका खात्यावर टाकायची सवय लागली आहे. गुडघे आणि पंजे तासन्‌तास कोरडे लाल राहणे या चित्रात बसत नाही.

दुसरा प्रश्न औषधांचा. रक्तदाबासाठी गावोगावच्या सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या अॅम्लोडिपिनने अंग तापून लाल होऊ शकते, घोट्यांना सूज येऊ शकते. नायट्रेटच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलसाठी दिले जाणारे नियासिन, स्तनाच्या कर्करोगानंतरचे टॅमॉक्सिफेन, या सगळ्यांबद्दल हे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले आहे. मी यांतले काही घेत नाही. पण मी घेत नाही हे विचारल्याशिवाय कळले कसे?

तिसरा प्रश्न खाण्याचा. कोकण-गोव्यातल्या वाचकांना हे चांगले समजेल. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखी मासळी पकडल्यापासून नीट बर्फात राहिली नाही तर तिच्यात हिस्टामिन तयार होते. ते शिजवून किंवा तळून नाहीसे होत नाही. अशी मासळी खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंग लालेलाल होते, डोके ठणकते, काही तासांत सगळे निवळते. रुग्णाला सांगितले जाते, ‘तुम्हाला माशाची ॲलर्जी आहे.’ दोष बर्फाचा असतो आणि माणूस जन्मभर बांगड्याला मुकतो. चुकीच्या नावाची किंमत अशी ताटापर्यंत येते.

चौथा प्रश्न पायांचा. पाय लाल होणे, जळणे, उबेने वाढणे आणि गारव्याने शमणे, या रोगाचे वर्णन सायलस वीअर मिचेल या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने १८७८ साली केले. त्याला एरिथ्रोमेलाल्जिया म्हणतात. काही घराण्यांत तो एका जनुकातल्या दोषामुळे चालत येतो, हे २००४ साली कळले. काही जणांत त्यामागे रक्तातल्या प्लेटलेट वाढण्याचा आजार असतो, आणि त्याचा सुगावा सीबीसी या साध्या रक्ततपासणीच्या कागदावर लागू शकतो. तो कागद तालुक्याच्या गावीही मिळतो, फक्त प्लेटलेटच्या आकड्याकडे या कारणाने कुणी पाहायला हवे. जिथे कुणी पाहत नाही तिथे रुग्ण रात्र रात्र बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसतात. त्याने कातडी कुजते, जखमा होतात. ‘बर्फ नको, पंखा चालेल, ओले फडके चालेल’ एवढे सांगायलाही निदान लागत नाही.

उरली दुर्मीळ पण गंभीर कारणे. लालीबरोबर जुलाब आणि छातीत घरघर असेल तर कार्सिनॉइड गाठीची शंका घ्यावी लागते. लालीबरोबर भोवळ येत असेल, रक्तदाब कोसळत असेल तर मास्टोसायटोसिस या आजाराची. पहिल्यासाठी चोवीस तासांची लघवी साठवून फाइव्ह-एचआयएए तपासतात आणि त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगे, अक्रोड वर्ज्य करावे लागते. मला डबा मिळाला, पथ्य मिळाले नाही. दुसऱ्यासाठी ट्रिप्टेझ हे रक्तातले द्रव्य मोजतात, एकदा बरे असताना आणि एकदा झटका आल्यापासून साधारण चार तासांच्या आत. आता मला सांगा, लाली संध्याकाळी सात वाजता आली तर चार तासांत मी नमुना कुठे देऊ? मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत यंत्र आहे याचा मला उपयोग नाही. माझ्या गावात रक्त काढून, गार ठेवून, सकाळी पाठवणारे कुणी असेल तरच ही तपासणी माझ्यासाठी अस्तित्वात आहे.

मानसिक कारणाचे काय? तेही असू शकते. रक्तवाहिन्यांचा आणि मनाचा संबंध मी नाकारत नाही. पण तो संबंध तपासून लिहावा, इतर काही सुचत नाही म्हणून लिहू नये. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर जे पुस्तक लिहिले, त्यात लाजून लाल होण्यावर एक अख्खे प्रकरण आहे. लाली अंगावर किती खाली उतरते, हे त्याने डॉक्टर मित्रांकडून मुद्दाम माहिती मिळवून नोंदले. ती सहसा चेहरा, कान आणि मानेपाशी थांबते, क्वचित छातीच्या वरच्या भागापर्यंत जाते. सावळ्या आणि काळ्या लोकांत ती कशी ओळखायची, याचीही त्याने निरनिराळ्या देशांतून चौकशी केली. दीडशे वर्षांपूर्वी एका निसर्गशास्त्रज्ञाला पडलेले हे दोन प्रश्न, किती खाली आणि कुठल्या रंगावर, आज आमच्या केसपेपरवर असू नयेत? गुडघ्यापर्यंत कुणी लाजत नाही.

रंगाचा मुद्दा जरा सविस्तर मांडायला हवा, कारण तो थेट विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो. गोऱ्या कातडीवर जे टोमॅटोसारखे लाल दिसते, ते माझ्या सावळ्या कातडीवर तांबूस-तपकिरी, कधी जांभळट, कधी नुसते काळवंडल्यासारखे दिसते. त्यामुळे ‘उन्हात जाता का?’ हा प्रश्न मला ‘लाल होते का?’ या प्रश्नापेक्षा जास्त वेळा विचारला गेला आहे. कातडीचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी १९७५ साली सुरू झाली ती गोऱ्या लोकांच्या कातडीपुरती. सावळे आणि काळे प्रकार तिला मागाहून जोडले गेले. लाली आणणारा रोझेशिया हा रोग चेहऱ्याचा आणि गोऱ्यांचा, असा समज त्याच वाटेने रूढ झाला. वास्तविक तो मान, छाती, कान, डोक्याची कातडी इथेही येऊ शकतो आणि सावळ्या लोकांत तो निसटतो, कारण शोधणाऱ्याची नजर दुसऱ्या रंगावर घडलेली असते. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुकवेन्डे या वैद्यकीय विद्यार्थ्याला हीच अडचण आली, तेव्हा त्याने दोन शिक्षकांच्या मदतीने २०२० साली काळ्या-सावळ्या कातडीवरची लक्षणे दाखवणारी ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका तयार केली. तिथे तो अल्पसंख्याकांचा प्रश्न होता. इथे आम्ही सगळेच सावळे.

कुणी म्हणेल, सावळ्या कातडीवरची लाली ओळखायला शिकवणे अवघड आहे. या राज्याने ते आधीच करून दाखवले आहे. ‘फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा’ हे कुष्ठरोगाच्या खुणेचे शब्द महाराष्ट्रात एसटी स्टँडच्या भिंतींपासून शाळेच्या फळ्यापर्यंत पोचले आहेत. दरवर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिनी आम्ही मुलांना ते सांगतो. आशाताई घरोघर जाऊन चट्टा पाहतात आणि स्पर्श कळतो का ते विचारतात. कमी शिकलेल्या स्वयंसेविकेची नजर आपल्या रंगावर घडवता आली, तर साडेपाच वर्षे एमबीबीएसला घालवणाऱ्या मुलामुलींची का घडणार नाही? आज त्या अभ्यासक्रमात त्वचारोगाची स्वतंत्र परीक्षा नाही. तो विषय मेडिसिनच्या पेपरात पोटभाडेकरू आहे. परीक्षेला जे येत नाही ते मुले वाचत नाहीत, हे शिक्षिकेला कुणी सांगायला नको.

तपासण्याच्या रीतीही साध्याच आहेत. हाताच्या पाठीने दोन्हीकडची ऊब ताडून पाहणे. पारदर्शक काच दाबून रंग विरतो का ते पाहणे. विरला तर रक्त वाहिनीतच आहे, नाही विरला तर ते बाहेर झिरपले आहे आणि मामला वेगळा आहे. दंडाच्या आतल्या बाजूच्या रंगाशी तुलना करणे. रुग्णाला झटक्याच्या वेळी दिवसाच्या उजेडात, मोबाइलचा चेहरा उजळवणारा फिल्टर बंद करून, त्याच जागेचे दोन फोटो काढायला सांगणे, एक लाली असताना आणि एक नसताना. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर लाली दाखवण्याचा प्रयत्न मी केला आहे. व्हिडिओत मी ठणठणीत दिसते. तिथे नीट काढलेला फोटो जोडण्याची सूचना मराठीत असती तर दोघांचाही वेळ वाचला असता.

आता अन्न व औषध प्रशासनाकडे वळते. माझ्या फायलीत ज्या मलमाचे नाव आहे ते स्टेरॉइडचे होते. ते लावल्यावर लाली गेली, म्हणून सगळ्यांना बरे वाटले. स्टेरॉइड मलम रक्तवाहिन्या आवळते. कुठले मलम किती जोरकस हे ठरवण्याची एक पद्धतच मुळी ते कातडी किती पांढरी पाडते यावर आधारलेली आहे. म्हणजे लाली गेली याचा अर्थ रोग गेला असा होत नाही. आणि ते बंद केले की आवळलेल्या वाहिन्या दुपटीने सैलावतात. लाली पुन्हा उसळते, पूर्वी नव्हती तिथेही पसरते, म्हणून माणूस पुन्हा मलमाकडे जातो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ साली या उलट्या फटक्याबद्दल डॉक्टरांना आणि रुग्णांना सावध केले. आपल्याकडचे तज्ज्ञ तर त्याआधीपासून सांगत आहेत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २०११ साली आलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असले मलम लावत असल्याचे आढळले. साध्या गजकर्णाने गेल्या दशकात देशभर जे उग्र रूप धरले, त्यातही स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा हात असल्याचे हेच तज्ज्ञ सांगतात.

माझ्यासारखीच्या बाबतीत या मलमाचा आणखी एक अपराध आहे. ते पुरावा पुसते. महिनोन्‌महिने मलम लावलेल्या कातडीवरची लाली मूळ रोगाची की मलमाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शोध जिथून सुरू व्हायचा ती जागाच नाहीशी होते.

कायदा नाही असे नाही. कातडीवर लावायची औषधे पूर्वी शेड्यूल एचच्या बंधनातून सुटत असत. २०१८ साली केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमे त्या यादीत आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आता कोणत्याही बाजारपेठेतल्या मेडिकलसमोर अर्धा तास उभे राहून पाहा. ‘ते मागच्यासारखंच एक द्या’ एवढ्यावर ट्यूब मिळते. वेष्टनावरचा इशारा इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढा. प्रशासनाचे निरीक्षक कमी आहेत, हे आम्ही जाणतो. पण चिठ्ठी मागणे हे दुकानातल्या फार्मासिस्टचे काम आहे आणि त्याने ते करावे यासाठी निरीक्षक रोज दारात उभा राहावा लागत नाही. दोन-चार ठिकाणी परवाना निलंबित झाल्याची बातमी पुरते.

शेवटी योजनांबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे आणि ती रोगाच्या आणि शस्त्रक्रियेच्या नावाने चालते. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले, मुंबईचे केईएम त्यातले एक केंद्र आहे, पण त्या दारातही नाव सांगावे लागते. मी दाखल होण्याइतकी आजारी नाही आणि माझ्या आजाराला नाव नाही. ज्यांना नाव मिळाले नाही त्यांच्यासाठी सरकारच्या कुठल्याच खात्यात रकाना नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ साली निदान न झालेल्या आजारांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. त्याची बरोबरी करा असे मी म्हणत नाही. ‘निदान झालेले नाही’ ही एक मान्य अवस्था आहे, एवढे त्यातून उचला.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

एक. सरकारी केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ लिहिण्याची मुभा नको, सूचना हवी. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत अंगावर येणाऱ्या लालीला आर २३.२ हा स्वतंत्र संकेतांक आहे. तो लिहा. त्यापुढे पाच गोष्टी नोंदवा : लाली कुठे कुठे येते, किती वेळ टिकते, ओली की कोरडी, कशाने उसळते आणि चालू औषधे कोणती. शेवटी पुन्हा पाहण्याची तारीख. ही नोंद अर्ध्या पानात मावते.

दोन. राज्यासाठी तपासण्यांचा एक छोटा क्रम ठरवा. सीबीसी, थायरॉइड, साखर, यकृत-मूत्रपिंड सगळीकडे. ट्रिप्टेझ आणि फाइव्ह-एचआयएए केवळ ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. नमुना ग्रामीण रुग्णालयात घ्यावा, तपासणी वैद्यकीय महाविद्यालयात व्हावी, पथ्याचा कागद मराठीत मिळावा. कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी पुढे पाठवायचे तेही त्यात हवे : भोवळ, धाप, ओठ-जीभ सुजणे, ताप येऊन जवळजवळ सगळे अंग लाल होणे, लाल जागेची बधिरता.

तीन. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने राज्यातल्या महाविद्यालयांमधून रुग्णांच्या संमतीने सावळ्या कातडीवरच्या छायाचित्रांचा संग्रह करावा, तो सर्वांना खुला ठेवावा आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्यातले किमान एक चित्र सक्तीचे करावे. बाकीचे काम परीक्षा आपोआप करील.

चार. स्टेरॉइड मलमांसाठी शेड्यूल एचची अंमलबजावणी करा. दुकानात दिसेल अशा जागी मराठीत फलक हवा : ‘हे मलम चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.’

पाच. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस निदान न झालेल्यांसाठी ठेवा. त्वचा, मेडिसिन, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था आणि मानसोपचार अशा विभागांतली माणसे एका टेबलाशी बसू द्या. रुग्णाने पाच विभागांत पाच वेळा पहिल्यापासून सांगण्यापेक्षा पाच जणांनी एकदा ऐकावे.

यातल्या एकाही मागणीला नवे रुग्णालय लागत नाही. पहिलीला तर पैसाही लागत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

त्वचारोगतज्ज्ञांना वेगळे सांगायचे आहे. रुग्णापुढे ‘मला कळत नाही’ म्हटले तर रुग्ण दुसरीकडे जाईल, अशी भीती तुम्हाला वाटत असणार. दुसरीकडे तो तसाही जातो, तुमचे चुकीचे नाव बरोबर घेऊन. ज्या एका तरुण डॉक्टरने मला सांगितले, “मला हे अजून उलगडलेलं नाही, मलम बंद करा, फोटो काढा, तीन महिन्यांनी या,” त्याच्याकडे मी अजूनही जाते. त्याने मला बरे केलेले नाही. पण लाली कधी येते, कशाने वाढते, हे त्याच्याचमुळे मला कळू लागले आणि भाकरीपासून तासिकेपर्यंत पुष्कळ काही त्याप्रमाणे बदलता आले. औषध सापडेपर्यंतचा उपचार तोच.

आणि ज्यांच्या अंगावर अशी लाली येते त्या वाचकांना : पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पहिल्या मागणीतल्या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या, फोटो न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. आणि उठण्यापूर्वी विचारा, “डॉक्टर, हे निदान पक्कं आहे की अंदाज?” अंदाज असेल तर तसे लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

आपली,
तालुक्याच्या गावची एक शिक्षिका